लेकराची पहिली बाहुली: आया आणि आज्ज्या नेहमी विचारतात ते प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या एका गावात मी अंगणवाडी सेविका आहे. गृहभेटीला गेले की वजन-उंची बाजूला राहते आणि ओसरीवर बसून असल्याच गप्पा निघतात. बाहुली, टेडी, चिंधीचा बैल हे विषय तर हमखास निघतात. वर्षानुवर्षं तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

बाहुलीनं लेकरू खरंच काही शिकतं का? की नुसता लाड?

एकटी बाहुली काहीच शिकवत नाही. पाळण्यात चार टेडी टाकून माय कामाला लागली, तर लेकराच्या दृष्टीनं त्या चार उशाच. बाहुली हातात धरून कुणी बोलायला लागलं, की खेळ सुरू होतो.

आमच्या गावात एक आजोबा आहेत. सुनेनं शिवलेला कापडी बैल घेऊन ते सहा महिन्यांच्या नातवासमोर बसायचे. बैल त्याच्या पोटावर हळूच चालवायचे, "आला, आला, सर्जा आला" म्हणायचे आणि गप्प व्हायचे. नातू पाय झाडायचा, "आऽऽ" करायचा. मग आजोबा म्हणायचे, "हो का? भूक लागली सर्जाला?" आणि बैल पुन्हा चालायला लागायचा. हे गप्प राहणं फार मोलाचं आहे. आपण बोललो, थांबलो, बाळानं आवाज काढला, आपण त्याला उत्तर दिलं: बोलणं शिकण्याची सुरुवात हीच. आजोबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. केंद्र सरकारनं २०२४ साली जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी 'नवचेतना' आराखडा आणला. त्याच्या प्रशिक्षणात बाळाशी बोला, खेळा, त्याला प्रतिसाद द्या हे ऐकताना मला सारखे तेच आजोबा आठवत होते.

कितव्या महिन्यापासून द्यायची आणि काय काय खेळायचं?

पहिल्या दोन महिन्यांत बाहुली बाळाच्या हातात नको, आपल्या हातात हवी. नव्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं बरं दिसतं, म्हणजे वीतभर, फार तर सव्वा वीत. पाजताना मायचं तोंड बाळापासून तेवढ्याच अंतरावर असतं. बाळाला फिका गुलाबी, फिका निळा नीट कळत नाही. पांढऱ्यावर काळं मात्र उठून दिसतं. पांढऱ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं डोळे-तोंड काढलेली बाहुली वीतभरावर धरा आणि हळूहळू एका बाजूला न्या. नजर मागे येते का बघा. घाई करू नका, बाळाला वेळ लागतो. बाळानं तोंड फिरवलं, जांभई दिली, की खेळ संपला.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुठी उघडायला लागतात. बाहुलीचा पाय बोटाएवढा बारीक असेल तर बाळ तो धरून ठेवतं. याच दिवसांत त्याला जागेपणी, आपल्या डोळ्यांसमोर, पालथं ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे अजून सरकत नसलेल्या बाळाला दिवसभरात थोडं थोडं करून निदान ३० मिनिटं पालथं ठेवावं. वाकळीवर पालथं टाकलं की बरीच बाळं रडतात आणि आजी लगेच उचलते. समोर हातभर अंतरावर बाहुली बसवा आणि तुम्हीही तिच्याशेजारी पालथ्या पडा. बाळ मान उचलतं ते बाहुलीपेक्षा तुमच्यासाठीच. पण बाहुलीमुळे ते आणखी दोन मिनिटं टिकतं आणि मानेला, खांद्याला तेवढं बळ येतं.

सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ स्वतः हात पुढे करून वस्तू ओढतं, या हातातून त्या हातात घेतं आणि सगळं तोंडात घालतं. तोंडात घालणं म्हणजे खोडी नाही, त्या वयाचं चाखून-चाचपून बघणं आहे. तेवढ्यासाठीच बाहुली स्वच्छ हवी.

आठव्या-नवव्या महिन्यात मला सगळ्यात आवडणारा खेळ सुरू होतो. बाहुलीवर पदर टाका. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी हेच बाळ गोंधळून दुसरीकडे बघायचं. त्याच्या लेखी दिसेनाशी झालेली वस्तू संपलेली होती. आता ते पदराकडे टक लावून बघतं आणि मग ओढतं. दिसत नाही तरी वस्तू आहे, हे त्याला कळलं. याच वयात माय नुसती न्हाणीत गेली तरी ते रडून घर डोक्यावर घेतं. ती आहे, पण इथे नाही, हेही त्याला आता कळतं. भोऽ करण्याचा खेळ म्हणून या दिवसांत पुष्कळ खेळावा: गेलेली बाहुली परत येते, गेलेली माय परत येते.

वर्ष झाल्यावर ते बाहुलीला जवळ घेतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या वाढीच्या टप्प्यांत १५ महिन्यांच्या यादीत "बाहुलीला मिठी मारते" असं चक्क लिहिलेलं आहे. पुढे बाहुलीला घास भरवणं, थोपटणं, दटावणं येतं. त्या दटावण्याकडे कान द्या. आपण घरात कसं बोलतो ते तिथे जसंच्या तसं ऐकू येतं.

झोपताना जवळ ठेवली तर छान झोपतं. ठेवू का?

वर्षाच्या आत नाही. पाळण्यात नाही, झोळीत नाही, बाजेवर मायजवळही नाही. मऊ वस्तू नाकातोंडावर आली तर एवढ्याशा बाळाला ती बाजूला करता येत नाही आणि श्वास कोंडतो. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिल्या वर्षात झोपायच्या जागी मऊ खेळणी, उशा, जाड पांघरुणं नकोतच असं सांगते. आपल्याकडची मोहरीची उशी आणि बाजूच्या लोडक्याही त्यात आल्या. बाळ उताणं, तोंडावर पांघरूण नाही, जवळ मऊ काही नाही.

कापूस वेचायला गेलेल्या बाया लिंबाच्या फांदीला झोळी बांधतात. रानात दुसरी सोय नसते, हे मला माहीत आहे. पण झोळीत कापड दोन्ही बाजूंनी आधीच जवळ येतं, त्यात बाहुली म्हणजे धोका दुप्पट. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली नाही ना हे बघा आणि कुणाची तरी नजर कायम झोळीवर ठेवा. बाहुली फांदीला लटकवूही नका, ती खाली पडते.

घरी शिवायची असेल तर कशी शिवू?

धुऊन धुऊन मऊ पडलेलं सुती लुगडं किंवा जुनं धोतर घ्या. नव्या कापडाचा रंग जातो आणि तो बाळाच्या तोंडात जातो. शंका असेल तर ओलं पांढरं फडकं कापडावर घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड नको. जरीचा काठ, टिकल्या, मणी, बटण, लेस यातलं काहीच नको.

उंची वीतभर. हातपाय करंगळीपेक्षा थोडे जाड, म्हणजे मुठीत मावतील. डोळे आणि तोंड दोऱ्यानं भरायचे. केसांसाठी लोकरीचे धागे लावायचा मोह होतो, लावू नका. सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो, रक्त अडतं आणि बोट सुजून लाल-निळं होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. काळ्या कापडाचा तुकडा डोक्यावर शिवला की झाले केस.

आता शिवण. वाकळीला आपण धावदोरा घालतो, तो इथे चालत नाही. एक टाका तुटला की सगळी शिवण उसवते आणि आतलं भरण बाहेर येतं. दुहेरी दोरा घेऊन उलटी टीप घाला. उलटी करून भरल्यावर उरलेलं तोंड दोनदा शिवा. मग दोन्ही हातांनी, बाहुलीची दया न करता, मुंडकं आणि हातपाय ओढून बघा. एक शेवटची सवय लावून घ्या: शिवायला बसताना सुया आणि टाचण्या मोजायच्या, उठताना पुन्हा मोजायच्या. एक कमी भरली तर बाहुली पूर्ण उसवायची.

अगदी लहान बाळासाठी याहून सोपं करता येतं. हातरुमालाएवढ्या सुती कापडाच्या मधोमध गाठ मारली की तेच डोकं, खाली लोंबणारं कापड म्हणजे अंग. भरण नाही, धुतलं की तासाभरात वाळतं.

भरायला रानातला कापूस चालेल का? मोहरी किंवा ज्वारी?

रानातून वेचून आणलेला कापूस तसाच वापरू नका. त्यात सरकी असते, पाचोळा असतो आणि हंगामभर केलेल्या फवारण्या असतात. पिंजलेला स्वच्छ कापूस घ्या, नाहीतर त्याच लुगड्याच्या बारीक चिंध्या भरा. मोहरी, ज्वारी, सरकी, हरभरा यातलं काहीही नको. शिवण उसवली तर दाणे थेट नाकातोंडात जातात, आणि पावसाळ्यात त्यांना किडे लागतात ते वेगळंच.

विकतची आणायची तर काय बघायचं?

आयएसआय चिन्ह. केंद्राच्या खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० प्रमाणे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे. तीन वर्षांच्या आतल्यांसाठी नाही असं वेष्टनावर लिहिलेलं असेल तर ते खेळणं तान्ह्याला देऊच नका. लांब केसाळ टेडी नको. दोरी असेल तर वीतभराहून लांब नसावी, मी तर कापूनच टाकते.

डोळे आणि नाक ओढून बघितल्याशिवाय टेडी घरात घेऊ नका. माझ्या नातीला आम्ही एका जत्रेतून अस्वल आणलं होतं. डोळे प्लास्टिकचे, मागून नुसते चिकटवलेले. ती दहा महिन्यांची होती. संध्याकाळी भाकरी थापताना माझ्या लक्षात आलं की पोरगी फार वेळ गप्प आहे. जाऊन पाहिलं तर अस्वलाला एकच डोळा, आणि दुसरा तिच्या गालात. तिनं हसायला तोंड उघडलं म्हणून मला तो दिसला आणि करंगळीनं बाहेर काढता आला. पिठाचे हात तसेच, मी किती तरी वेळ तिला घेऊन बसले होते. त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येक घरात मी आधी टेडीचे डोळे ओढते, मग चहा घेते.

घशात काही अडकलंच तर?

बाळ खोकत असेल, रडत असेल तर हवा जाते आहे. खोकू द्या आणि लक्ष ठेवा. आवाज निघत नसेल, तोंड काळं-निळं पडत असेल आणि बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर त्याला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं अंगापेक्षा खाली ठेवा आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच थापा मारा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला सांगा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. बाळ निपचित पडलं तर छाती दाबणं आणि तोंडानं श्वास देणं सुरू करावं लागतं. ते आशाताईकडून किंवा आरोग्य केंद्रात आधीच शिकून ठेवा, हे सगळं वाचून हाताला येत नाही.

बाहुली किती वेळा धुवायची? इथे प्यायला पाणी नसतं तेव्हा काय करायचं?

तोंडात घालणाऱ्या बाळाची बाहुली आठवड्यातून एकदा तरी, आणि आजारपणानंतर लगेच. कढत पाणी, साधा साबण, आणि साबणाचा वास जाईपर्यंत खळबळणं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्याकडेही बाहुली धुवायला पाणी मागणं जिवावर यायचं. तेव्हापासून मी बिनभरणाची गाठीची बाहुली सांगते. ती बाळाच्या झबल्याबरोबर त्याच पाण्यात निघते. एरवी ऊन आहेच. चैत्र-वैशाखातलं आपलं कोरडं कडक ऊन धुळीतल्या बारीक किड्यांना सोसत नाही. दोन्ही बाजूंनी उलटसुलट वाळवा. पावसाळ्यात मात्र भरण आतून ओलं राहतं आणि बुरशी धरतं. कुबट वास आला की भरण बदला.

दृष्ट लागू नये म्हणून बाहुलीला बिब्बा, काळे मणी बांधू का?

बांधू नका. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, आणि बाळ बाहुली तोंडात घालतं. मणी सुटतात, दोरा गळ्याभोवती येतो. आज्जीचा जीव राहत नसेल तर बिब्बा दाराच्या चौकटीला, उंच बांधा. आज्जीशी वाद घालू नका, जागा बदलून मागा. माझ्या अनुभवात बहुतेक आज्ज्या ऐकतात.

मुलग्याला बाहुली दिली तर लोक हसतात.

हसू द्या. उद्या तोही बाप होणार आहे, लेकरू कसं धरायचं ते त्यालाही शिकू द्या.

आम्ही दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातो. लेकरू आज्जीजवळ राहतं. त्याला काय देऊन जाऊ?

हा प्रश्न विचारताना कुणाचाच आवाज सरळ राहत नाही.

बाळ मायला वासावरूनही ओळखतं. पहिल्या आठवड्यातच त्याला मायच्या दुधाचा वास ओळखू येतो. म्हणून जायच्या आधी आठ-दहा दिवस, रोज नेसता त्या लुगड्याच्या तुकड्याची गाठीची बाहुली करा आणि रात्री आपल्या अंगाजवळ घेऊन झोपा (तान्हं त्याच अंथरुणात असेल तर दिवसा पदरात खोचून ठेवा). बाळाशी खेळताना तीच वापरा आणि आज्जीलाही तुमच्या देखत तिच्याशी खेळू द्या. निघताना बाळ झोपेत असताना चोरून जाऊ नका. सांगून जा, रडलं तरी. मागे आज्जीनं ती बाहुली दाखवत तुमचं नाव रोज घ्यावं.

यानं तुमची जागा भरून निघेल, असं मी म्हणणार नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो यांचे माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग १९५८ साली गाजले. आईपासून तोडलेल्या पिल्लांसमोर दोन पुतळे ठेवले होते: एक नुसत्या तारेचा, दुधाची बाटली लावलेला, आणि एक मऊ कापड गुंडाळलेला. पिल्लं तारेवर दूध प्यायची आणि बाकी सगळा वेळ कापडाला बिलगून बसायची. मऊ स्पर्शाची भूक दुधाच्या भुकेएवढीच खरी असते, ती अशी. पण आईशिवाय, सोबतीशिवाय वाढलेली ती पिल्लं पुढे इतर माकडांत नीट मिसळू शकली नाहीत. कापडानं धीर मिळतो. वाढायला आज्जीची मांडी, काकीचं बोलणं, फोनवरचा तुमचा आवाज लागतो. बाळ तुमच्याबरोबर कोपीवर (ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीवर) येणार असेल तर बाहुली बोचक्यात वरच ठेवा. जागा बदलली, तरी ती एक वस्तू ओळखीची राहते.

दीड वर्षाचं झालं, एकच मळकी चिंधी घेऊन फिरतं. हिसकून घेऊ का?

नको. इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशा वस्तूंवर सविस्तर लिहिलं. माय आणि बाहेरचं जग यांच्या मधली लेकराची ती पहिली स्वतःची वस्तू. तिचा वाससुद्धा त्याला तसाच लागतो, म्हणून धुतल्यावर ते रडतं. उपाय सोपा आहे: तशाच कापडाचे दोन तुकडे करा आणि सुरुवातीपासून आलटून पालटून द्या. हळूहळू ते आपणच सोडतं.

बोलणारी, गाणारी बॅटरीची बाहुली चांगली का?

तान्ह्याला नकोच. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा. मोबाईलवरचं कार्टून वर्षाच्या आत अजिबात नको.

बाळ दोन महिने आधी जन्मलं. कोणत्या महिन्याचा खेळ खेळायचा?

दोन महिने वजा करा. सहा महिन्यांचं असेल तर चार महिन्यांचा खेळ. दोन वर्षांपर्यंत असंच मोजा आणि शेजारच्या बाळाशी तुलना करू नका.

बाहुलीकडे बघतच नाही. काळजी करू का?

एक दिवस नाही बघितलं तर भूक, झोप, सर्दी, काहीही असेल. पण तीन महिन्यांनंतरही नजर चेहऱ्यामागे फिरत नसेल, सहा महिने उलटूनही हात पुढे येत नसेल, मुठी सतत घट्ट असतील, वर्षाच्या आतच एकाच हाताचा वापर होत असेल किंवा येत असलेली गोष्ट बंद झाली असेल, तर दाखवा. बाळाच्या डोळ्यातल्या काळ्या बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच दिवशी. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात, त्यांना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी मोफत आहे आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. "बाप पण उशिराच बोलला होता" या वाक्यात लेकराचे फार महिने वाया जातात.

मोठ्याची बाहुली धाकट्याला चालेल का?

चालेल, पण तशीच नाही. आधी उजेडात धरून सगळ्या शिवणी बघा, मुंडकं ओढा, डोळ्यांचे टाके सैल झालेत का ते चाचपा. एका बाजूनं उसवा, जुनं भरण काढून टाका, खोळ उकळत्या पाण्यातून काढून वाळवा, नवं भरण घाला आणि पुन्हा उलटी टीप मारा. कापड विरलं असेल, बोट आरपार दिसत असेल, तर तिचं पायपुसणं करा आणि नवी शिवा. हे करताना मोठ्याला शेजारी बसवा. भरण त्याच्या हातानं घालू द्या, पण सुया तुमच्याजवळ ठेवा आणि उठताना मोजा.